पेच्चियम्माची हनुवटी

अंबासमुद्रम तालुक्यातल्या मेलेल्या बायकांपैकी निम्म्या तरी भिंतीवर एकाच पोपटी साडीत बसल्या आहेत. तीच साडी, तीच लाल खुर्ची, मांडीवर एकावर एक ठेवलेले तेच गुबगुबीत हात. चेहरे तेवढे ज्याच्या त्याच्या घरचे. हात मात्र जेसिंता अक्कांचे. जेसिंता अक्का स्वतः चांगल्या ठणठणीत आहेत आणि मासळीबाजारात भाव करायला लागल्या की त्यांचा आवाज रेल्वे फाटकापलीकडे ऐकू येतो.

त्यांचे यजमान सॅम्सन, ज्यांना गावात सगळे मानानं अण्णाची म्हणतात, त्यांचं बसस्टँडसमोर फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमच्याकडे माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी चौकात त्याचा फ्लेक्स लागावा लागतो आणि सोळाव्या दिवसाच्या आत घरात हार घालायला तसबीर लागते. आणि गरिबाघरच्या बायकांचे फोटो असतात कुठे? एखादा रेशनकार्डावर, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत तोंडात घास असताना काढलेला. मग चेहरा तिथून घ्यायचा आणि धड दुसऱ्याचं लावायचं, ही इथली जुनी रीत. अण्णाची पूर्वी हे काम कात्री आणि ब्रशनं करायचे, पुढे कॉम्प्युटरवर करायला लागले. पण दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं, हा प्रश्न त्यांनी धंद्याच्या पहिल्याच वर्षी निकालात काढला. पुरुषांसाठी स्वतःला पांढऱ्या शर्टात बसवून फोटो काढून घेतला आणि बायकांसाठी बायकोला बसवलं.

जेसिंता अक्कांनी आधी दागिने घालून सवाष्णीचा फोटो दिला, मग दागिने उतरवून विधवेचाही दिला. दुसरा फोटो काढायच्या वेळी अण्णाची दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. तो अक्कांच्या बहिणीनं काढला. चर्चमध्ये कुणी तरी नाक मुरडलं, की हिंदू बायकांच्या तसबिरीत तुमचं काय काम? अक्का म्हणाल्या, "कुंकवाचं कपाळ तर हे कापूनच टाकतात. मानेखाली कसला आलाय धर्म?"

तेव्हापासून दुकानाचा नियम ठरला. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या अल्बममधून कुणाचं धड उचलायचं नाही. ज्याचं धड त्याला विचारायचं, आणि चेहरा ज्याचा त्यालाही विचारायचं. तो गेला असेल तर घरच्यांना.

तेनमोळीला हा नियम तोंडपाठ होता. चार वर्षं ती त्या दुकानात कॉम्प्युटरवर बसत होती. चोवीस वर्षांची, डोक्यानं तल्लख, जिभेनं त्याहून. गेल्या वर्षी एक पोरगा एका मुलीचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, हिला माझ्याशेजारी नवरी करून बसवून द्या, मित्रांना गंमत दाखवायची आहे. तेनमोळीनं खुर्चीतून न उठता विचारलं, "तिला विचारलंस?"

"गंमत तर आहे, अक्का."

"मग तुझं तोंड गाढवाला लावून चौकात फ्लेक्स लावते. तीही गंमतच."

पोरगा गेला तो परत फिरकला नाही. अण्णाचींनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःहून दुसरा चहा मागवला, आणि त्यांचा हात किती आखडता आहे हे माहीत असणाऱ्यांना त्याचा अर्थ कळला.

चेहरा बदलायचं नवं अॅप तिनंच दुकानात आणलं. जिथं अण्णाचींना दोन तास लागायचे तिथं दहा सेकंदांत काम. मस्कतला अडकलेला थोरला भाऊ धाकट्याच्या लग्नाच्या फोटोत उभा राहायला लागला. अण्णाची चष्मा वर करून बघत राहिले.

"हे फोटो जातात कुठे?"

"वर, अण्णाची."

"वर म्हणजे? मेलेले जातात तिथं?"

"नाही हो. कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर."

"आणि परत कोण आणतं?"

"कुणी नाही."

"मग एकच झालं की," अण्णाची म्हणाले. त्यांनी नियमात भर घातली, की लहान मुलांचे फोटो या अॅपात घालायचे नाहीत, आणि बनवलेल्या फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जुळवलेला' असं छापायचं. तेनमोळी तेही निमूटपणे करत होती.

एवढं सगळं जिला कळत होतं तिनंच ते करावं, याचं नंतर गावाला नवल वाटलं. मला वाटलं नाही. स्वतःची आई गेली की माणसाला नियम आठवतात, नाही असं नाही, पण ते दुसऱ्यांसाठी आहेत असं वाटायला लागतं.

तिची आई पेच्चियम्मा दारात इडल्या विकायची. पहाटे चूल पेटायची ती नऊला विझायची. एकदा इडलीपात्राचं झाकण उघडताना वाफ तोंडावर आली आणि हनुवटीवर चिंचोक्याएवढा डाग राहिला, तांबूस, चुरगळल्यासारखा. तेव्हा तेनमोळी दुधाच्या दातांची होती. तेव्हापासून पेच्चियम्मा फोटो म्हटला की पदर हनुवटीवर ओढून घ्यायची. मुलाच्या, इसक्कीच्या, लग्नात तिनं सगळ्या फोटोंत पदर धरलेला आहे. फोटोग्राफर ओरडून थकला. पदराशिवायचा तिचा एकच फोटो होता, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात उजेडच असा होता की डोळे कुठले नि नाक कुठलं ते अंदाजानं ठरवावं.

ती आजारी पडली ती दोन महिने उठलीच नाही. इसक्की तूत्तुकुडी बंदरात कामाला, आठवड्याला एकदा यायचा. तेनमोळी दिवसभर दुकानात. अम्माला उचलायचं, धुवायचं, कुशीवर वळवायचं, भात कालवून भरवायचं ते सगळं इसक्कीच्या बायकोनं, अबिरामीनं केलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तिच्या. नवी सून म्हणून चार दिवस मिरवायचे, तर ही सासूची चादर नदीवर नेऊन धूत होती. अबिरामी बोलायची कमी. तेनमोळी तिला अण्णी, म्हणजे वहिनी, म्हणायची, वयानं वर्षानंच मोठी असली तरी अहो-जाहो करायची, आणि मनातून आभार मानायची. तोंडानं कधी मानले नाहीत. घरच्या माणसाचे काय मानायचे, असं तिला वाटायचं.

पेच्चियम्मा ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास गेली. आणि खरा प्रश्न पुढे उभा राहिला तो अप्पांचा.

सुडलैमुत्तू अप्पांची आठवण आधीपासूनच झिरपत होती. बायको गेल्यावर बांधच फुटला. दर तासा-दोन तासांनी विचारायचे, "पेच्ची कुठाय?" गेली म्हणून सांगितलं की दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखे रडायचे. दिवसातून पाच वेळा त्यांची बायको मरायची. नाही सांगितलं तर काठी घेऊन तिला शोधायला बाहेर पडायचे. एकदा फाटकापाशी सापडले, रुळांच्या मधोमध उभे.

"अप्पांना अम्मा डोळ्यांसमोर पाहिजे," तेनमोळीनं ठरवलं. "मोठी. रोज बघता येईल अशी."

अण्णाचींनी पोपटी साडी पुढे केली. जेसिंता अक्का स्वतः म्हणाल्या, "घे गं, तुझ्या आईसाठी मी नाही बसणार तर कोण?" तेनमोळी हो म्हणाली, पण तिच्या मनाला ते रुचेना. गावातल्या निम्म्या घरांत लटकलेलं ते धड. माझी अम्मा त्या रांगेत नको. माझी अम्मा वेगळी दिसली पाहिजे, तिला आयुष्यात मिळाली नाही अशी रेशमी साडी पाहिजे, गळ्यात दागिना पाहिजे.

अशी साडी आणि असा दागिना दुकानाच्या कॉम्प्युटरवर होता. इसक्की-अबिरामीच्या लग्नाचा अल्बम याच दुकानानं केला होता. अबिरामी लाखेरी रेशमी साडीत सरळ बसलेली, हात मांडीवर, गळ्यात तिच्या आजीची आंब्यांची सोन्याची माळ. अण्णाची जेवायला घरी गेले होते. तेनमोळीनं ओळखपत्रावरचा चेहरा घेतला, उजळवला, आणि अॅपात दोन्ही फोटो घातले. दहा सेकंद. साडीचा लाखेरी रंग बदलून निळा केला, म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही. डाग तर अॅपानं आपणच काढून टाकला होता. अम्माला तो कधी आवडला नव्हता, तेव्हा बरंच झालं असं तेनमोळीला वाटलं. कोपऱ्यात 'जुळवलेला' छापायचं तिनं गाळलं.

अण्णीला विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. आलं होतं आणि तिनं ते बाजूला सारलं. नाही म्हणाली असती तर?

तसबीर भिंतीवर लागली, वर लाल दिवा लागला आणि अप्पा शांत झाले. चमत्कारच म्हणायचा. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसायचे, बोलायचे, "पेच्ची, आज चटणीत मीठ कमी पडलंय बघ." विचारणं बंद झालं. फाटकाकडे जाणं बंद झालं. बघणाऱ्यांना चेहऱ्यात काही तरी निराळं वाटायचं. ही अॅपं डोळे-नाक एकीचं घेतात, पण जबड्याची ठेवण खालच्या बाईचीच ठेवतात. पेच्चियम्माची हनुवटी रुंद आणि बसकी होती, तसबिरीतली निमुळती झाली होती. पण मेलेलं माणूस तसबिरीत देखणंच दिसतं, म्हणून कुणी बोललं नाही. रोज सकाळी अंघोळ करून अबिरामी तसबिरीला ताजा हार घालायची, दिवा लावायची, हात जोडायची. आठ महिने एक दिवस तिनं चुकवला नाही. त्यातले सात ती गरोदर होती.

सातव्या महिन्यात बांगड्या भरायचा कार्यक्रम ठरला. आमच्याकडे तो सासरी होतो आणि त्याच दिवशी माहेरचे मुलीला बाळंतपणाला घेऊन जातात. अबिरामीची आई पाच तऱ्हांचे भात, टोपलीभर काचेच्या बांगड्या आणि कडयमहून अर्धी बस भरून बायका घेऊन आली. घर केवढं, तर आठ बायका बसल्या की नववीनं उभं राहावं. खुर्ची ठेवायला जागा एकच होती, तसबिरीखाली. "बरंच झालं की," कुणी तरी म्हणालं, "सासूचा आशीर्वाद डोक्यावर."

अबिरामी येऊन बसली. अशा दिवशी लग्नातलाच थाट करतात. लाखेरी रेशमी साडी, गळ्यात फुलांचा हार, आणि डब्यातून वर्षा-दीड वर्षानं बाहेर काढलेली आजीची आंब्यांची माळ. गालांना चंदन लावलं गेलं, मनगटं बांगड्यांनी भरायला लागली. तेनमोळी फोन घेऊन समोर उभी राहिली. फोटो काढायचं काम तिचंच. तिनं फोन वर केला आणि तो तसाच धरून राहिली.

पडद्यावर दोघी होत्या. वर एक आणि खाली एक. तेच खांदे, तीच मान, मांडीवर तसेच ठेवलेले हात. दोघींच्या गळ्यात हार, दोघींच्या गळ्यात माळ, आणि दोन्ही माळांत डावीकडून तिसरा आंबा आत वळलेला. अबिरामीच्या आजीच्या हातून ती माळ एकदा पडली होती, तेव्हापासूनचा.

फोटो का काढत नाहीस म्हणून अबिरामीच्या आईनं वळून पाहिलं, आणि तेनमोळी कुठं बघतेय तिकडं पाहिलं.

"ही माळ आमची आहे," ती हळूच म्हणाली. मग जोरात. "तेनमोळी, ही आमच्या घरची माळ. तुझ्या अम्माच्या गळ्यात कशी?"

तेनमोळीनं फोन खाली घेतला.

"हे माझ्या पोरीचे हात आहेत. अगं, जिवंत पोरगी माझी, पोटुशी, आणि तिला तुम्ही भिंतीवर टांगून हार घालताय? कुणाचं वाईट केलं होतं आम्ही?"

बांगड्या भरणाऱ्या बाईनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. कुणी तरी लहान मुलांना बाहेर नेलं. मग अबिरामी बोलली, आवाज न चढवता.

"अम्मा, बस खाली. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. बस. बांगड्या पुऱ्या होऊ देत."

बांगड्या पुऱ्या झाल्या. कुणी गाणं म्हटलं नाही. अबिरामी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तेव्हा तेनमोळी मागोमाग गेली आणि दाराशीच थांबली.

"अण्णी, तुम्हाला कधी कळलं?"

"फ्रेम घरात आली त्या दिवशी. स्वतःचे हात कुणाला ओळखू येत नाहीत, तेनू? साडीचा रंग बदललास, नखं नाही बदललीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून." अबिरामीनं तांब्या खाली ठेवला. "आज बोलेल, उद्या बोलेल. अप्पा शांत झाले होते, म्हणून मी गप्प बसले. रोज सकाळी मी माझ्याच गळ्यात हार घालत होते. पोर पोटात आल्यावर तर डोळे मिटून घालायचे. पण तू आपली दुकानात जायचीस, यायचीस, जेवायचीस."

"मला भीती वाटली, नाही म्हणाल."

"अत्तैंना, तुझ्या अम्माला, याच हातांनी मी उचललंय," अबिरामी म्हणाली, आणि आता कुठे तिचा आवाज फाटला. "दोन महिने. त्यांच्यासाठी हात द्यायला मी नाही म्हटलं असतं? मागितलं असतंस तर दिलं असतं गं. तू मागितलंच नाहीस."

संध्याकाळच्या आत माहेरची मंडळी तिला घेऊन गेली. तशी ती जाणारच होती, त्यामुळे भांडण झालं असं गावात कुणाला म्हणता आलं नाही. जाताना दारात तिनं वळून मागं पाहायचं टाळलं, बस. इसक्कीनं बहिणीला एकच गोष्ट विचारली, "तुला माझी बायको म्हणजे काय दुकानातली वस्तू वाटली?" आणि तोही बायकोबरोबर गेला.

तेनमोळीनं स्वतःच्या हातांनी तसबीर उतरवली. कॉम्प्युटरवरची, फोनमधली, सगळीकडची प्रत पुसली. जी वर गेली होती ती पुसता येत नव्हती. अण्णाचींना तिनं सगळं सांगितलं. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "जेसिंतानं विचारलं होतं मला, पोरीनं माझा फोटो का नाही घेतला म्हणून. मी म्हटलं, आईचं दुःख आहे, असेल काही."

घरी भिंतीवर खिळा राहिला. अप्पा खुर्ची ओढून बसले, खिळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पेच्ची कुठाय?"

पुन्हा सगळं पहिल्यापासून. तेनमोळीनं ओळखपत्रावरचा फोटो होता तसा मोठा करून लावला. अप्पांनी जवळ जाऊन पाहिला. "ही कोण?"

"अम्मा आहे, अप्पा."

"छे. ही नाही. माझी पेच्ची इथं बसायची ना, निळ्या साडीत?"

मग तिनं नाइलाजानं पोपटी साडी घेतली, अक्कांना विचारून, कोपऱ्यात 'जुळवलेला' छापून. ज्या माणसाला सकाळचं जेवण आठवत नव्हतं त्यानं एका नजरेत सांगितलं, "ही तर सॅम्सनची बायको." तेनमोळीला हसू आलं आणि ते हसू मध्येच मोडून तिला रडू कोसळलं. अप्पा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. का रडते ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तीही तसबीर उतरली, खिळा पुन्हा रिकामा झाला आणि त्यांचं जेवण तुटलं. दोनदा शेजाऱ्यांनी त्यांना फाटकावरून आणलं. अबिरामीला मुलगी झाल्याचा निरोप आला. चाळीस दिवस झाल्यावर तेनमोळी अण्णाचींसमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णाची, अण्णींना आता विचारलं तर?"

"विचार. पण नाही म्हणाली तर रडून-भेकून हो करून घ्यायचं नाही. तसं करायचं असेल तर जाऊच नकोस."

कडयमच्या बसमध्ये ती हे वाक्य घोकत बसली. बाळासाठी झबली घेतली होती, हलव्याचा डबा घेतला होता. अबिरामीच्या आईनं दार उघडलं आणि आत वाट दिली. अबिरामी ओसरीवर बसली होती. मुलगी तिच्या गळ्याशी बिलगून झोपली होती, मूठ आईच्या मानेवर.

तेनमोळीनं सगळं सांगितलं. फाटक, जेवण, खिळा, पोपटी साडी. माफी मागितली, ती आधी मागितली. मग विचारलं, "अण्णी, तुमचा तो फोटो मला परत वापरू द्याल? अप्पा आहेत तोवर. हार घालणार नाही. नुसता ठेवीन."

अबिरामीनं बराच वेळ मुलीच्या पाठीवर थोपटलं.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा दिला असता. आता या गळ्याला ही बिलगते. तो गळा मी भिंतीवर नाही देणार, हाराचा असो की बिनहाराचा."

तेनमोळीनं मान हलवली. घोकलेलं वाक्य मनात पुन्हा एकदा म्हटलं.

"मामांसाठी, तुझ्या अप्पांसाठी, जीव तुटतो माझा. हिला तिसरा महिना लागला की येईन मी, घर माझंही आहे." अबिरामीनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग बाजूचा फोन उचलून तिनं काही तरी शोधलं. "तुला एक दाखवते. देणार नाही. नुसतं बघ."

फोटोत पेच्चियम्मा चुलीपाशी बसली होती. हातात इडलीपात्राचं झाकण, वाफेमागे उघडं तोंड, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि ती हसत होती. खरंखुरं, दात दिसतील असं. रुंद बसकी हनुवटी, तिच्यावर तो डाग.

"लग्नानंतरचा पहिला महिना. मी काढला आणि मग त्यांना दाखवला. म्हणाल्या, डाग दिसतो गं, कुणाला दाखवू नकोस. मी म्हटलं, नाही दाखवणार. तुला दाखवला तोसुद्धा तू मुलगी आहेस म्हणून. आता त्यांना विचारायची सोय राहिली नाही."

तेनमोळीचा हात आपोआप पिशवीत गेला होता. पिशवीत तिचा फोन होता. पडद्यासमोर धरला की झालं, एक सेकंद, अण्णीला कळणारही नाही. बोटं फोनवर टेकली. तिनं हात रिकामा बाहेर काढला आणि मांडीखाली दाबून बसली. मग पाहिलं, डोळे भरून आले तर पुसून पुन्हा पाहिलं. आठ महिने त्या निळ्या साडीसमोर ती जेवली होती आणि अम्मा म्हणून डोळे मिटले की तिला निमुळती हनुवटी दिसायला लागली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अबिरामीनं फोन बाजूला घेतला नाही. पडदा आपोआप काळा होईपर्यंत धरून ठेवला.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळायचा होता. अप्पा खिळ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते.

"आणलीस पेच्चीला?"

"नाही, अप्पा. पण बघून आले." ती त्यांच्या पायांशी बसली. "चुलीपाशी होती. इडल्या काढत होती. हसत होती नुसती."

"हसत होती?" अप्पांचा चेहरा उजळला. "आणखी?"

"पदर घसरला होता. झाकण हातात होतं. आणि हनुवटीवरचा तो डाग, अप्पा. चिंचोक्याएवढा. तुम्ही चेष्टा करायचात ना तिची, चंद्रावर पण असतो म्हणून?"

अप्पांनी आठवून पाहिलं. खूप मनापासून आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून, खिळ्याकडे बघत.

"डाग?" ते म्हणाले. "पेच्चीला कुठं डाग होता?"